गौरीच्या पितळी मुखवट्यांवर काळे डाग

प्रश्न : नमस्कार काका. वागळे इस्टेटमध्ये माझा छोटा गाळा आहे. आधी मुंबईत दागिन्यांच्या कास्टिंगवर नोकरी केली, गेल्या वर्षापासून स्वतःचं काम करतो. पितळी निरांजनं, लहान मूर्ती आणि यंदा पहिल्यांदा गौरीचे मुखवटे घेतलेत. मेणाचा नमुना करतो, जूनपासून काही नमुने थ्रीडी प्रिंटवरही काढतो. पावडरचा साचा, इलेक्ट्रिक भट्टी, व्हॅक्यूमवर ओतणं. फ्लास्क (साचा भरायची धातूची नळकांडी) चार इंच व्यासाचे, सहा इंच उंच. भट्टीत सहा मावतात. मेण जाळून साचा रिकामा करायला दुपारी भट्टी सरळ ७५० अंशांना लावतो, चार तास ठेवतो आणि रात्रीच ओततो. वीज वाचावी म्हणून दाराच्या फटीत सिरॅमिकची लोकर भरली आहे. पावसाळ्यापासून नगांवर काळे, खरबरीत डाग येताहेत, बफिंगला दाद देत नाहीत. काही नग ॲसिडमधून गुलाबी होऊन निघतात. भट्टीत मागच्या बाजूला ठेवलेल्या दोन फ्लास्कचे नग हमखास वाया जातात. ओळखीच्या एकाने ‘तापमान वाढव’ म्हणून सांगितलं, ८२० केलं, तर डाग आणखी वाढले. पितळ भंगाराचं असतं, जुने नळ वगैरे. गौरीच्या आधी चाळीस मुखवटे द्यायचेत आणि निम्मा माल रद्द होतोय. पितळ बदलू की पावडर?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नमस्कार. पावडर बदलू नका. पितळ बदला, पण ते काळ्या डागांसाठी नाही. त्याचं कारण वेगळं आहे आणि ते मला जास्त काळजीचं वाटतं, पुढे त्यावर येतो. काळ्या डागांचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. दाराच्या फटीतली ती लोकर आधी काढून टाका.

तुमच्या साच्याची पावडर म्हणजे सिलिका आणि जिप्सम. गणपतीच्या मूर्तींमुळे घराघरात माहीत असलेलं प्लास्टर ऑफ पॅरिस तेच हे जिप्सम, रसायनाच्या भाषेत कॅल्शियम सल्फेट. त्यात गंधक आहे. एकटं असताना हे जिप्सम हजार अंशांच्या वरही तग धरतं. पण शेजारी कार्बन असला की सातशे-साडेसातशेच्या आसपासच ते ढासळायला लागतं. कार्बन त्यातला ऑक्सिजन ओढून घेतो, मागे कॅल्शियम सल्फाइड उरतं आणि सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो. अशा साच्यात वितळलेलं पितळ शिरलं की भिंतीजवळ हजार अंशांचा धातू, कार्बन आणि जिप्सम एकत्र येतात. सुटलेला गंधकाचा वायू तांब्याला धरतो आणि त्याचं काळं सल्फाइड होतं. वायू सुटताना धातू अजून मऊ असतो, म्हणून तिथे बारीक खड्डेही पडतात. तुमचे डाग खरबरीत आहेत ते यामुळे. हा डाग वर बसलेला मळ नाही. पृष्ठभागच तसा तयार झालेला असतो, म्हणून बफ मारून तो जात नाही.

हा कार्बन येतो मेणातून. मेण वितळून वाहून जातं, पण थोडं भिंतीत मुरतं आणि तापलं की त्याचा कोळसा होतो. कोळसा जळायला हवा लागते. नुसत्या तापमानाने तो जात नाही. बंद डब्यात लाकूड कितीही तापवलं तरी कोळसाच हाती येतो, राख होत नाही. तुमच्या लोकर भरलेल्या भट्टीत नेमकं हेच चाललंय. दाराजवळच्या फ्लास्कना इकडून-तिकडून थोडी हवा मिळते, मागच्या दोघांपर्यंत ती पोचतच नाही.

आता ८२० चा सल्ला का अंगाशी आला ते लक्षात येईल. कार्बन तसाच राहिला आणि जिप्समला मात्र ढासळायला आणखी उष्णता मिळाली. या पावडरला ७३० ते ७५० च्या वर नेऊच नये. ‘जास्त तापवलं की जास्त साफ’ हा समज आपल्या धंद्यात खोलवर रुजलाय, आणि पितळ ओतणाऱ्याचं सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं.

यावर तुम्हाला शंका येईल की आपले ओतारी मातीच्या साच्यात पिढ्यान् पिढ्या मेण जाळतात. शेण, तूस मिसळलेल्या त्या मातीत तर कोळसा भरपूर असतो, मग त्यांच्या मूर्तींवर असे डाग का नाहीत? कारण त्या मातीत जिप्सम नसतं. कार्बन आहे, पण त्याच्या हातून गंधक सुटेल असं काही नाही. तुमच्या साच्यात जिप्सम राहणारच, तेव्हा कार्बन घालवणं एवढंच तुमच्या हातात उरतं.

मी सांगतो म्हणून मानू नका, एक फ्लास्क खर्ची घाला. पुढच्या खेपेला मागच्या कोपऱ्यातला एक फ्लास्क न ओतता तसाच गार होऊ द्या आणि मधोमध फोडा. फोडण्याआधी पाणी शिंपडून साचा ओला करा. कोरड्या साच्याची धूळ छातीत जाता कामा नये. आतली पोकळी नीट पाहा. भिंत खडूसारखी पांढरी असेल तर मी चुकीचा आणि पितळ-पावडरीचा विचार करू. माझा अंदाज असा की बाहेरचा इंचभर थर पांढरा दिसेल आणि पोकळीभोवती राखाडी कडं असेल, मुखवट्याच्या जाड भागाशी ते जवळजवळ काळं. हनुवटीच्या, कानांच्या खोबणीत, जिथून मेण शेवटी निघतं, तिथे ते सगळ्यात गडद असेल. मग डाग आलेला एखादा मुखवटा हातात घ्या आणि त्याच जागा ताडून बघा.

दुसरी खूण नाकाची. ओतल्यावर फ्लास्क पाण्यात बुडवता तेव्हा सडक्या अंड्याचा वास येतो का? येत असेल तर साच्यात कॅल्शियम सल्फाइड झालेलं आहे. ते पाण्याला लागलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. नीट जळलेल्या साच्याला हा वास येत नाही. वासाची खात्री करायला बादलीवर वाकू नका, तो वायू विषारी आहे. बादली दाराबाहेर ठेवून काम करा.

आता भट्टी. खाली एक आणि वर एक भोक हवं. खालचं करंगळी जाईल एवढं, वरचं त्याहून थोडं मोठं. गरम हवा वरून निघते, तिच्या जागी खालून ताजी येते, बाकी काही यंत्रणा लागत नाही. भट्टीला भोक पाडायचं नसेल तर दार दोन-तीन मिलिमीटर उघडं राहील असा विटेचा तुकडा लावा आणि छतातली थर्मोकपलशेजारची (तापमान मोजणाऱ्या कांडीशेजारची) जागा मोकळी करा. वीज थोडी जास्त जाईल. रद्द झालेल्या मुखवट्यांच्या पितळ-मजुरीसमोर ते बिल काहीच नाही. फ्लास्क जमिनीला टेकवू नका, सिरॅमिकच्या तुकड्यांवर उचलून ठेवा, कारण तोंड खाली असताना मेण आणि हवा दोन्हींचा रस्ता तोच असतो. दोन फ्लास्कमध्ये बोटभर अंतर ठेवा. त्यासाठी सहाऐवजी चारच बसले तर चारच लावा. वाया जाणारे दोन फ्लास्क भट्टीत असले काय आणि नसले काय.

कंट्रोलरवरचा आकडा खरा आहे का, हेही एकदा तपासा. थर्मोकपल जिथे आहे तिथलंच तापमान तो दाखवतो, मागच्या कोपऱ्याचं नाही. घरच्या घरी होणारी तपासणी अशी : चिनी मातीच्या दोन छोट्या वाट्या घ्या. एकीत ॲल्युमिनियमच्या तारेचा तुकडा वाटीच्या काठांवर आडवा ठेवा, दुसरीत चिमूटभर मीठ. दोन्ही मागच्या फ्लास्कच्या जागी ठेवून भट्टी ७३० ला तासभर चालवा. ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं, मीठ ८०१ ला. तार खाली पडलेली आणि मीठ सुटं असेल तर त्या कोपऱ्याचं तापमान या दोन आकड्यांच्या मध्ये आहे. तार तशीच काठांवर आडवी असेल तर तो कोपरा थंड आहे. मिठाचा खडा काचेसारखा वितळून बसला असेल तर तिथे तुमचं जिप्सम रोज मरतंय. हे सगळं रिकाम्या भट्टीत करा.

वेळेचं मात्र मला स्पष्ट सांगायला हवं. दुपारी लावून रात्री ओतणं चार इंची फ्लास्कला परवडत नाही. बाहेर ७५० झालं म्हणून मधल्या गाभ्याला ७५० होत नाही, त्याला तासन् तास मागे राहायची सवय असते. आणि सरळ वर चढवल्याने आणखी दोन गोष्टी बिघडतात. साच्यातलं पाणी उकळून वाफ एकदम फुटते आणि भिंतीचे पोपडे निघतात. मेण वाहून जाण्याऐवजी उकळून भिंतीत शिरतं, म्हणजे जाळायचा कोळसा आपणच वाढवतो.

संध्याकाळी सहाला भट्टी सुरू करा. सातपर्यंत १५० वर न्या आणि नऊपर्यंत तिथेच ठेवा. साचा ओलसर असतानाच मेण वितळून खाली येऊ द्यायचं, कारण ओल्या भिंतीत मेण मुरत नाही. खाली पत्र्याचा ट्रे ठेवा आणि नऊ वाजता भट्टीची वीज बंद करून, हातमोजे घालून, तो मेणासकट बाहेर काढा. हे काम लोक टाळतात. पण ट्रेमध्ये राहिलेलं मेण नंतर भट्टीतच पेटतं आणि फ्लास्कसाठी असलेली सगळी हवा तेच खाऊन टाकतं. मग अकरापर्यंत ३७० वर चढवा, एकपर्यंत धरून ठेवा. या टप्प्यात धूर सर्वात जास्त असतो. दार उघडू नका, मेणाची वाफ भपकन पेटते. एकपासून तीन तासांत ७३० ला न्या आणि सकाळी आठपर्यंत तिथेच राहू द्या. मग खाली आणा, साडेनऊपर्यंत ओतायच्या तापमानाला. तिथे दीड तास स्थिर ठेवून अकरा वाजता ओता. भट्टीच्या कंट्रोलरला टप्पे लावायची सोय नसेल तर ती असलेला कंट्रोलर बसवून घ्या. रात्रभर जागून खटका फिरवणं दोन दिवस जमतं, तिसऱ्या दिवशी झोप लागते.

१५० ते ३०० च्या पट्ट्यात घाई करू नका, कारण पावडरमधला क्रिस्टोबलाइट (सिलिकाचंच एक रूप) साधारण २०० ते २७० च्या दरम्यान एकदम फुगतो. ५७३ ला क्वार्ट्झचंही (सिलिकाचं दुसरं रूप) तसंच होतं, पण कमी प्रमाणात. उलट दिशेनेही हे लागू आहे. पावसात मध्यरात्री वीज गेली आणि पूर्ण जळलेला फ्लास्क २५० च्या खाली उतरला, तर तो पुन्हा तापवून ओतू नका. आतून तडकलेला असतो. नगावर पातळ पाकळ्या येतील किंवा पितळ फ्लास्कच्या बाहेर पडेल. व्हॅक्यूमवर उभं असताना ते बाहेर पडणं फार धोक्याचं आहे. वीज अर्ध्या-पाऊण तासात आली आणि भट्टी चारशेच्या वर असेल तर काही बिघडलेलं नाही, तिथून पुढे चालू करा. मात्र गेलेला वेळ ७३० च्या टप्प्यात भरून काढा.

ओतायच्या आधी फ्लास्कचं तोंड बघायची सवय लावा. ७३० चा टप्पा संपताना, गाळ्यातला दिवा विझवून, तोंडातून आत पाहा. पोकळीत सगळीकडे एकसारखी लाल झळाळी दिसली पाहिजे. आत कुठेही सावलीसारखा काळपट पट्टा असेल तर तो कोळसा आहे. आणखी तासभर द्या, ऑर्डर कितीही तातडीची असो.

आता थ्रीडी प्रिंट. जूनपासून डाग वाढले आणि जूनपासूनच प्रिंट सुरू झाले, हा योगायोग मला वाटत नाही. मेण वितळून वाहतं, रेझिन वितळत नाही. ते फुगतं, जागच्या जागी करपतं आणि पूर्णपणे हवेच्या जोरावरच जळतं. कास्टिंगसाठी बनवलेलं रेझिन असेल तरच वापरा. साध्या रेझिनमधून राख उरते आणि ती कुठल्याही तापमानाला जात नाही. प्रिंट स्पिरिटमध्ये नीट धुऊन, पूर्ण कोरडा करून, यूव्ही दिव्याखाली शेवटपर्यंत पक्का करा. चिकट राहिलेला प्रिंट साच्याची भिंत खातो. मेणाचे आणि रेझिनचे फ्लास्क एकाच भट्टीत एका रात्री लावू नका, मेणाचा धूर सगळी हवा संपवतो आणि रेझिन उपाशी राहतं. ७३० चा टप्पाही रेझिनला दोन तास जास्त द्या. आणि माझं ऐकाल तर या गौरीपुरते प्रिंट बाजूला ठेवा. एकच चांगला प्रिंट घेऊन त्यावर रबरचा साचा करा आणि मुखवटे मेणातच काढा. चाळीस नगांना तेच स्वस्त पडेल.

पावडरबद्दल थोडंच सांगतो. ठाण्याच्या पावसाळ्यात उघडी पिशवी आठवड्यात दमट होते. झाकणाला रबर असलेल्या ड्रममध्ये ठेवा. अंदाजाने कालवू नका, शंभर ग्रॅमला ३८ ते ४० मिलि पाणी, काट्यावर मोजून. पिशवीवर वेगळं प्रमाण छापलं असेल तर ते धरा. पाणी जास्त झालं की भिंत भुसभुशीत होते आणि तिच्यात मेण जास्त मुरतं. पाणी २२-२३ अंशांचं हवं. एप्रिल-मे मध्ये टाकीतलं पाणी तिशीच्या वर असतं आणि पावडर हातातच आवळते, तेव्हा फ्रीजमधलं मिसळा. भरलेले फ्लास्क दोन तास हलवू नका. त्याच दिवशी भट्टीत जाणार नसतील तर ओल्या कापडात गुंडाळून ठेवा.

ओतताना साच्याचं तापमान कामाप्रमाणे ठरवा. निरांजनाच्या पातळ कडेला ५५० लागेल, पण मुखवट्याचा जाड भाग ४५० ला सहज भरतो. जाड ठिकाणी धातू जास्त वेळ गरम राहतो, तेवढा वेळ साच्याला भाजतो आणि डाग तिथेच येतात. गाल आणि कपाळ डागाळतं त्याचं निम्मं कारण हे. मुखवट्याची जाडी आतून कमी करता आली तर मेणाचा नमुना कोरून दोन-अडीच मिलिमीटरवर आणा. वजन कमी होईल, डागही कमी होतील, आणि गौर सजवताना मुखवटा हलका असलेला घरच्या बायकांनाही बरा पडतो.

पितळही गरजेपेक्षा जास्त तापवू नका. साठ-चाळीसचं (साठ भाग तांबं, चाळीस भाग जस्त) पितळ ९०० च्या थोडं वर पूर्ण वितळतं, सत्तर-तीसला ९५५ लागतात. त्यावर सत्तर ते शंभर अंश पुरेत. जस्त ९०७ ला उकळतं, म्हणून पितळ जेवढं रेंगाळेल आणि चढेल तेवढं जस्त उडून जातं. मुशीवर सतत पांढरा धूर आणि लखलखीत ज्योत दिसली की तुम्ही पुढे गेलात. टाकणखाराचं झाकण ठेवा, पटकन वितळवा, ढवळा, ओता. ओतल्यावर बटणाची, म्हणजे फ्लास्कच्या तोंडाशी उरलेल्या धातूच्या गोळ्याची, लाली जाऊ द्या, चार इंची फ्लास्कला दहा-पंधरा मिनिटं, आणि मग पाण्यात घाला. रात्रभर तसाच ठेवला तर तेवढा वेळ गंधक आपलं काम करत राहतं आणि साचाही दगडासारखा चिकटतो.

गुलाबी रंगाचा आजार वेगळा आहे. ॲसिडच्या टबात तुमचा चिमटा लोखंडी आहे का? किंवा मेणाच्या झाडाला (एका दांड्यावर जोडलेल्या नमुन्यांना) बांधलेली लोखंडी तार तशीच जाते? ॲसिडमध्ये विरघळलेलं तांबं लोखंडाच्या स्पर्शाने नगावर येऊन बसतं. टबातलं ॲसिड निळं-हिरवं झालं असेल तर ते तांब्याने भरलंय, फेका. पण आधी खाण्याच्या सोड्याने मारून घ्या, आणि तांबं असलेलं ते पाणी गटारात सोडू नका, एमआयडीसीत रासायनिक कचरा घेणाऱ्यांकडे द्या. चिमटा प्लास्टिकचा किंवा तांब्याचा घ्या. नवीन ॲसिड करताना पाण्यात ॲसिड ओता, ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही. गुलाबी झालेले नग ताज्या पातळ ॲसिडमध्ये औषधाच्या दुकानातलं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं मिसळून त्यात काही मिनिटं ठेवा, तांब्याचा थर उतरतो. समोर उभं राहून बघत राहा, जास्त ठेवलं तर पितळच खातं. ते मिश्रण झाकण लावून ठेवू नका, वायू साठून बाटली फुटते.

हे करूनही गुलाबी राहिलं तर कानशीचा एक हात मारा. खाली लगेच पिवळं निघालं तर वरचाच थर आहे. दोन-तीन हातांनंतरही लालसर दिसत असेल तर जस्त उडालंय किंवा ॲसिडने खाल्लंय, तो नग परत मुशीत जाईल.

आता पितळ. जुन्या नळांच्या पितळेत शिसं असतं, कातकाम सोपं जावं म्हणून मुद्दाम घातलेलं, बहुधा दोन-तीन टक्के. तुम्ही ते वितळवता तेव्हा शिशाचा धूर तुमच्या छातीत जातो, आणि कपड्यांवरून घरी मुलांपर्यंत जातो. शिशाचा त्रास लगेच कळत नाही, लहान मुलांच्या मेंदूवर होतो आणि परत भरून येत नाही. शिवाय निरांजन, मूर्ती, मुखवटा या हाताळायच्या वस्तू. मूर्तीवरून उतरलेलं तीर्थ लोक पितात. हे पितळ आजपासून बंद करा. झवेरी बाजारात किंवा धातूच्या व्यापाऱ्याकडे शिसं नसलेलं सत्तर-तीसचं पितळ प्रमाणपत्रासकट मिळतं, महाग पडेल, त्याप्रमाणे मुखवट्याचा भाव वाढवा. तुमच्या आणि गाळ्यातल्या मदतनीसाच्या रक्तातल्या शिशाची तपासणी एकदा करून घ्या.

जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते. आपल्याकडे त्यावर दूध प्यायला किंवा गूळ खायला सांगतात. त्याने धूर छातीत जायचा थांबत नाही. मुशीच्या वर हूड आणि बाहेर हवा फेकणारा पंखा हवाच, आणि धातूच्या धुरासाठीचा मास्क. साचा फोडलेली पावडर कोरड्या झाडूने कधीही झाडू नका. तिच्यातली सिलिका फुप्फुसात बसते आणि तिथून निघत नाही. ओल्या फडक्याने पुसा, ओली करूनच गोणीत भरा.

डाग पडून पडलेल्या मुखवट्यांचं काय करायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पैसे तिथेच अडकलेत. एखाद्या नगावर चिंच घासून पाहा. डाग फिका पडला तर तो ऑक्साइडचा आहे, ॲसिडने जाईल. चिंचेला दाद दिली नाही तर गंधकाचा आहे. खड्डे उथळ असतील तर काचेच्या मण्यांचं ब्लास्टिंग करून घ्या. वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे-महापे पट्ट्यात असं जॉबवर्क करणारे सापडतील. मग एमरी आणि बफ. निरांजनं आणि मूर्ती असतील तर मुद्दाम काळी करून उंच भाग उजळलेले नग ग्राहकाला आवडतात, पण गौरीच्या चेहऱ्यावर हे करू नका, चेहरा उजळच हवा. खोल खड्डे असलेले नग वितळवायचे झाले तर त्याआधी ब्लास्टिंग करून काळा थर आणि चिकटलेली पावडर काढा, नाहीतर तेच गंधक मुशीत जाईल. निम्मं तरी नवीन पितळ मिसळा. जुन्या नळांच्या पितळेचे नग असतील तर वितळवूच नका, भंगारवाल्याला नळाचं पितळ म्हणून सांगून परत द्या.

चाळीस मुखवट्यांचा हिशोब असा मांडा : चार फ्लास्क, प्रत्येकात तुमच्या मापाचे एक किंवा दोन मुखवटे, एक दिवसाआड एक भट्टी. किती दिवस लागतात ते येईल. गौरी बसायच्या तारखेत ते बसत नसेल तर व्यापाऱ्याला आत्ताच सांगा की इतके देतो, उरलेले दुसऱ्याकडून घ्या. त्याच्या हातात अजून वेळ आहे. पहिली भट्टी मात्र ओतण्यासाठी लावू नका. लोकर काढून, ट्रे काढून, रात्रभराच्या टप्प्यांनी ती जाळा आणि त्यातले दोन फ्लास्क, पुढचा एक आणि मागचा एक, गार करून ओले करून फोडा. दोन्ही आतून पांढरे निघाले तर दुसऱ्या रात्रीपासून ओतायला लागा. मागचा राखाडी निघाला तर खालचं भोक अजून थोडं मोठं करा आणि दोन्ही तुकड्यांचे फोटो मला पाठवा.